इंधनाची शेती आणि लहान शेतकऱ्याचा वांटा

पेट्रोलांत मिसळावयाचा मद्यार्क, ज्यास हल्लीं सर्वत्र इथेनॉल म्हणतात, तो आपल्या शेतांतील मालापासून मोठ्या प्रमाणावर निघूं लागल्यापासून शेतकऱ्यास एक नवी पदवी मिळाली आहे. आजवर तो अन्नदाता होता. आतां तो ऊर्जादाताहि झाला, असें सभासंमेलनांतून वारंवार ऐकूं येतें. मानाची पदवी कोणास नको असते? तथापि पदवीबरोबर जो हिशेब हातीं यावयास पाहिजे, तो अद्यापि आलेला नाहीं. एक लिटर इथेनॉल विकलें गेलें म्हणजे त्याच्या किंमतींतून ऊस किंवा मका पिकविणाऱ्याच्या पदरांत नेमके किती पैसे पडतात, हा साधा प्रश्न गांवच्या पारावर विचारून पाहावा. त्याचें उत्तर बहुधा कोणासहि देतां येणार नाहीं. ज्या धंद्याचा कच्चा माल आपण पिकवितों, त्या धंद्यांतील आपला वांटा आपणांस ठाऊक नसावा, ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते. आणि तीच वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेतमालापासून इंधन करण्याची कल्पना आपल्या देशांत नवी नाहीं. ह्या शक्तिजनक मद्यार्कासंबंधीं मध्यवर्ती सरकारचा कायदा सन १९४८ मध्येंच झाला होता. तो पुढें सन २००० मध्यें रद्द करण्यांत आला. कायदा गेला, परंतु कल्पना मात्र लागलीच परत आली. सन २००१ मध्यें तीन ठिकाणीं प्रयोग झाले. त्यांपैकीं दोन आपल्या महाराष्ट्रांत, मिरज व मनमाड येथें, आणि तिसरा उत्तर प्रदेशांत बरेली येथें होता. सन २००३ च्या जानेवारीपासून नऊ राज्यांत पेट्रोलामध्यें पांच टक्के इथेनॉल मिसळण्याचें ठरलें. पुढें बरीच वर्षें हें गाडें रखडलें, इतकें कीं सन २०१३-१४ मध्यें मिश्रणाचें प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होतें. सन २०१८ च्या राष्ट्रीय धोरणानें उसाचा रस, अधिक साखर शिल्लक ठेवलेली बी हेवी मळी आणि खराब झालेलें धान्य ह्यांपासून इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली, आणि तेथून वेग आला. जून २०२२ मध्यें दहा टक्के व सन २०२५ मध्यें वीस टक्के मिश्रण साधलें. जें काम सन २०३० पर्यंत व्हावयाचें होतें, तें पांच वर्षें आधींच झालें. सरकारी काम मुदतीच्या आधीं पुरें होण्याचा प्रसंग विरळाच, आणि त्याबद्दल कौतुक करण्यास आमची हरकत नाहीं.

न्यायानें बोलावयाचें तर ह्या उद्योगानें शेतकऱ्याचें कांहींच हित झालें नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येतें. त्यासाठीं बाहेर जाणारा पैसा थोडा जरी देशांत राहिला, तरी तें इष्टच आहे. शिवाय साखर विकण्यास वर्ष-दीड वर्ष लागतें. तोंवर ती गोदामांत पडून राहते, तिच्यावर काढलेल्या कर्जाचें व्याज चढत जातें आणि उसाचें देणें थकतें. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून सुमारें तीन आठवड्यांत मिळतात. साखरेचे ढीग कमी झाले, कारखान्यांच्या हातीं रोख पैसा खेळूं लागला, आणि कित्येक ठिकाणीं उसाची थकबाकी पूर्वीपेक्षां लौकर फिटली, हें आम्ही मान्य करितों. सन २०१४ पासून ह्या योजनेंतून शेतकऱ्यांस एक लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम पोंचली, असें सरकार सांगतें.

परंतु कारखान्यास पैसा लौकर मिळणें ही एक गोष्ट, आणि शेतकऱ्यास तो अधिक मिळणें ही दुसरी. ह्या दोहोंची गल्लत करूं नये. सन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत त्याचा दर चुकता झाला पाहिजे, आणि न झाल्यास पंधरा टक्के व्याज दिलें पाहिजे. असें असतां, ज्या काळांत इथेनॉलचा रोख पैसा वाढत होता त्याच काळांत, म्हणजे फेब्रुवारी २०२२ मध्यें, आपल्या राज्य सरकारनें रास्त व किफायतशीर दराची रक्कम दोन हप्त्यांत देण्यास मुभा दिली. मुंबई उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तो निर्णय रद्द केला. म्हणजे तीन वर्षेंपर्यंत विकणाऱ्यास पैसे तीन आठवड्यांत आणि पिकविणाऱ्यास हप्त्यांनीं, अशी उलटी रीत चालू होती. ह्यावरून वाचकांनीं काय तें समजावें.

आतां वांट्याच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. उसाचा किमान दर मध्यवर्ती सरकार ठरवितें. सन २०२५-२६ च्या हंगामासाठीं तो सव्वादहा टक्के उताऱ्यास टनामागें ३,५५० रुपये ठरला. त्यांतून तोडणी व वाहतूक वजा होऊन उरेल तें शेतकऱ्याचें. ह्या किमान दराच्या वर कारखान्यास जें अधिक मिळेल त्यांत शेतकऱ्याचा वांटा किती असावा, ह्याचा विचार सन २०१२ मध्यें डॉ. रंगराजन ह्यांच्या समितीनें केला. साखर, मळी, बगॅस व प्रेसमड ह्या पहिल्या पायरीच्या मालाच्या उत्पन्नापैकीं सत्तर टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नापैकीं पंचाहत्तर टक्के, शेतकऱ्यास मिळावे, असें तिनें सुचविलें. त्याच पायावर महाराष्ट्रानें सन २०१३ मध्यें आपला कायदा केला. तत्त्व चांगलें आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु तें सुचविलें गेलें तेव्हां साखर हा कारखान्याचा मुख्य माल होता आणि मद्यार्क हा जोडधंदा होता. आज कित्येक कारखान्यांत जोडधंदा पुढें व साखर मागें अशी स्थिति आहे, आणि हिशेब मात्र पहिल्या पायरीवरच थांबला आहे. मळीची किंमत हिशेबांत येते. त्याच मळीपासून निघालेल्या इथेनॉलची येत नाहीं.

ह्यांतील बारकावा लक्षांत घेण्यासारखा आहे. कारखान्याची मळी बाहेरच्या खरेदीदारास विकली गेली, तर तिचा भाव बाजार ठरवितो. परंतु आसवनी कारखान्याचीच असली, म्हणजे विकणाराहि तोच आणि घेणाराहि तोच. एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत मळी कोणत्या भावानें गेली, तें कागदावर ठरतें. तो भाव जितका कमी लिहिला जाईल, तितका शेतकऱ्याच्या सत्तर टक्क्यांचा पाया आंखूड होईल, आणि आसवनीचा नफा तितकाच फुगेल. सर्वच कारखाने असें करतात, असा आरोप आम्ही करीत नाहीं. परंतु ज्या व्यवहारांत दोन्ही सह्या एकाच हाताच्या असतात, तो व्यवहार तिसऱ्यानें तपासला पाहिजे, हा जमाबंदीचा जुना धडा आहे आणि तो येथेंहि लागू पडतो.

दुसरा बारकावा उताऱ्याचा. बी हेवी मळी काढावयाची म्हणजे जी साखर पोत्यांत गेली असती तिच्यांतील कांहीं भाग मळींतच ठेवावयाचा. अर्थात् साखरेचा उतारा कमी दिसतो. सन २०२५-२६ च्या दराप्रमाणें उताऱ्याच्या प्रत्येक दशांश टक्क्यास क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनास ३४ रुपये ६० पैसे, अधिक मिळावयाचे असतात. समजा, उसांत पावणेबारा टक्के उताऱ्याची साखर होती आणि कागदावर सव्वादहा टक्केच दिसली. ह्या दीड टक्क्याचे टनामागें ५१९ रुपये होतात. एकरीं चाळीस टन ऊस काढणाऱ्या शेतकऱ्याचें हें एकरामागें २०,७६० रुपयांचें नुकसान. मळींत गेलेली साखर उताऱ्यांत मिळवून दर द्यावा, अशी तजवीज आहे, आणि त्यासाठीं तज्ज्ञ संस्थेचा दाखला घ्यावा लागतो. परंतु तो दाखला ऊस घालणाऱ्यांपैकीं किती जणांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे? बिलाच्या पावतीवर वजन असतें, कपात असते, दर असतो; मिळविलेला उतारा किती, हें मात्र नसतें.

आमच्या तालुक्यांतील एका कारखान्याच्या वार्षिक सभेंत दोन वर्षांपूर्वीं एका सभासदानें हाच प्रश्न विचारला. तीस गुंठे उसाचा हा धनी; त्यास बोलण्याची संवय नव्हती. इथेनॉलपासून टनामागें किती मिळालें, एवढेंच त्यानें विचारलें. व्यासपीठावरून उत्तर आलें कीं, सर्व कांहीं अहवालांत छापलें आहे. अहवाल आमच्याहि हातांत होता. त्यांत 'उपपदार्थांपासून उत्पन्न' अशी एक ओळ होती, आणि तींत मळी, मद्यार्क, वीज व खत ह्या सर्वांची एकच बेरीज होती. टाळ्या होऊन पुढचा विषय निघाला. त्या गृहस्थाचा प्रश्न आजहि अनुत्तरितच आहे.

कारखान्यांच्या बाजूनें एक उत्तर देण्यांत येतें, आणि तें ऐकून न घेणें अन्यायाचें होईल. ते म्हणतात कीं, उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा भाव सन २०२२-२३ पासून लिटरला ६५ रुपये ६१ पैसे असा ठरला, तो पुढच्या हंगामांत वाढला नाहीं. उसाचा दर मात्र त्या हंगामांतील टनास ३,०५० रुपयांवरून ३,५५० वर गेला. एक टन उसाच्या रसापासून सुमारें सत्तर लिटर इथेनॉल मिळतें; त्याचे ४,५९२ रुपये होतात. त्यांतून ऊस, पगार, कर्जाचें व्याज व झीज वजा जातां फारसें कांहीं उरत नाहीं. शिवाय सन २०२५-२६ साठीं देशांतील आसवन्यांनीं १,७७६ कोटी लिटर देऊं केलें असतां तेल कंपन्यांनीं सुमारें १,०५० कोटी लिटरच घेण्याचें ठरविलें, आणि त्यांतहि उसाचा हिस्सा अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपासच आला. हें सर्व खरें आहे. परंतु ह्याचा अर्थ एवढाच कीं, कारखानदाराचा भावहि दुसराच कोणी ठरवितो. त्यावरून शेतकऱ्यास हिशेब दाखवूं नये, असें निष्पन्न होत नाहीं. नफा थोडा असेल तर थोड्याचा वांटा द्यावा. मुळींच नसेल तर तसें दाखवून द्यावें. किमान दर हा शेतकऱ्याच्या कष्टाचा पाया आहे, तो तसाच राहावा. त्याच्यावर जें कांहीं येईल त्याची वांटणी उघड्या वहीवर व्हावी, इतकेंच आमचें मागणें आहे.

इंधनाचें धोरण किती चंचल असूं शकतें, हें सन २०२३ च्या डिसेंबरांत दिसून आलें. त्या वर्षीं पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीति वाटली, आणि ७ डिसेंबर रोजीं, गाळप ऐन भरांत असतां, उसाच्या रसापासून इथेनॉल करूं नये असा हुकूम निघाला. आठवड्यानें तो कांहींसा सैल करून सतरा लाख टन साखरेइतकी मर्यादा घालण्यांत आली. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें बंदी उठली. ज्यांनीं सरकारच्याच व्याज-सवलतीच्या योजनेवर विसंबून कर्जें काढून आसवन्या उभारल्या, त्यांचीं यंत्रें थंड पडलीं आणि हप्ते मात्र चालू राहिले. सहकारी कारखान्याचें कर्ज म्हणजे अखेरीस सभासदाचेंच कर्ज. ग्राहकास साखर स्वस्त मिळावी, हा हेतु वाईट नव्हे. परंतु त्या स्वस्ताईची किंमत दर वेळीं शेतकऱ्याच्याच खात्यावर कां लिहिली जावी?

येथवर उसाविषयीं झालें. परंतु महाराष्ट्रांतील बहुसंख्य शेतकरी कोरडवाहू आहेत. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें राज्यांतील सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर होतें. ह्या सव्वातीन एकरांच्या धन्यास इंधनाच्या शेतीची पहिली ओळख झाली ती मोगली एरंडानें. ज्यांचें वय चाळिशीपलीकडे आहे त्यांस ती कहाणी आठवत असेल. सन २००३ मध्यें नियोजन आयोगाच्या समितीनें देशांत एक कोटीहून अधिक हेक्टरांवर हें झाड लावण्याची कल्पना मांडली. पडीक जमिनींत येतें, पाणी लागत नाहीं, गुरें तोंड लावीत नाहींत, आणि बियांपासून डिझेलच्या जागीं चालणारें तेल मिळतें, असे त्याचे गुण सांगितले गेले. सन २०११-१२ पर्यंत डिझेलांत वीस टक्के असें तेल मिसळावयाचें होतें. पुष्कळांनीं बांधांवर, माळांवर रोपें लावलीं. झाड पाण्यावांचून जगलें, हें खरें. परंतु पाण्यावांचून तें फळलें नाहीं. जें थोडें बीं आलें त्यास गिऱ्हाईक सांपडेना. पुढें तीं झाडें कित्येकांनीं उपटून चुलींत घातलीं. जगणारें पीक आणि जगविणारें पीक ह्यांत अंतर असतें, आणि तें अंतर योजना करणारास नव्हे तर जमीन देणारास भोगावें लागतें, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

आतां कोरडवाहू शेतकऱ्यापुढें मका आला आहे. धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या आसवन्या वाढल्या आणि सन २०२४-२५ साठीं मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव ठरला. इतर कोणत्याहि मालापासूनच्या इथेनॉलला इतका भाव नव्हता. एक टन मक्यापासून सुमारें ३८० लिटर निघतें. मक्याची मागणी वाढली, भाव चढले, आणि पूर्वीं मका बाहेर पाठविणाऱ्या आपल्या देशास सन २०२४ मध्यें तो बाहेरून आणावा लागला. हें पाहून शेतकऱ्यांनीं सन २०२५ च्या खरिपांत मक्याचा पेरा वाढविला. हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर होता. परंतु माल बाजारांत आला तेव्हां अनेक बाजार समित्यांत भाव त्याच्या पुष्कळ खालीं गेले होते.

असें कां झालें? पिकाची आवक वाढली हें एक कारण आहेच. परंतु दुसरें कारण सरकारी कोठारांत सांपडतें. सन २०२५ मध्यें सरकारनें आपल्या साठ्यांतील ५२ लाख टन तांदूळ क्विंटलला २,२५० रुपये दरानें इथेनॉलसाठीं राखून ठेविला. एक टन तांदळापासून सुमारें ४५० लिटर इथेनॉल निघतें. म्हणजे ह्या तांदळाचें २३४ कोटी लिटर झालें. तेवढें इथेनॉल मक्यापासून करावयाचें असतें, तर सुमारें एकसष्ट लाख टन मका लागला असता. एका हातानें मका पेरा म्हणून सांगावयाचें आणि दुसऱ्या हातानें त्याच आसवनीच्या दाराशीं मक्याच्या हमीभावाहून स्वस्त तांदूळ ओतावयाचा, ही रीत लहान शेतकऱ्यानें कशी समजून घ्यावी? तांदूळ साठून किडावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु किती तांदूळ येणार हें पेरणीपूर्वीं कळलें असतें, तर कित्येकांनीं आपल्या सव्वातीन एकरांचा विचार निराळा केला असता.

मराठवाडा व विदर्भ ह्यांतील सोयाबीन पिकविणारांस तर मका न पेरतांहि ह्या धंद्याचा चटका बसला. धान्यांतून मद्यार्क काढल्यावर जो चोथा राहतो, तो वाळवून कोंबड्या व जनावरें ह्यांस खाऊं घालतात. त्यांत प्रथिनें चांगलीं असतात आणि तो स्वस्त असतो. आजवर कोंबड्यांच्या खाद्यांत सोयाबीनची पेंड जात असे. तिची जागा हा चोथा घेऊं लागला. पेंडीस उठाव नाहीं म्हणजे सोयाबीनला भाव नाहीं, कारण सोयाबीनांत तेल थोडें व पेंड फार. सन २०२४ मध्यें हमीभाव ४,८९२ रुपये असतां बाजारांत सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकलें गेलें. सरकारी खरेदी झाली, पण ओलाव्याची अट बारा टक्क्यांची. ती पंधरा टक्के केली तोंवर नोव्हेंबर उजाडला होता, आणि ज्यांस दिवाळीपूर्वीं पैशाची गरज होती त्यांनीं माल आडत्यास देऊन टाकला होता. सोयाबीन पडण्यास हें एकच कारण होतें असें नाहीं. परदेशांतून येणारें स्वस्त खाद्यतेल हेंहि मोठें कारण आहे. तथापि एका पिकाच्या नांवानें केलेली योजना दुसऱ्या पिकाच्या मुळाशीं येते, हें योजना करतांना कोणी तरी मोजावयास पाहिजे होतें.

पाण्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. नीति आयोगानें सन २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें. आपल्या राज्यांत पिकाखालील जमिनीचा लहानसा भाग उसाकडे आहे, परंतु सिंचनाच्या पाण्यापैकीं निम्म्याहून अधिक पाणी तो घेतो. आम्हीं महसूल दप्तरांत असतां वर्षानुवर्षें पीक पाहणीच्या नोंदी उतरून घेतल्या. ज्या गटांत ऊस लागला तेथें पाण्याचें साधन म्हणून विहीर लिहिली जाते. परंतु त्या विहिरीच्या उपशानें शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर फाल्गुनांतच आटली, हें लिहिण्यास सातबाऱ्यावर रकाना नाहीं. ज्या मिरजेस सन २००१ मध्यें इथेनॉलचा प्रयोग झाला, त्याच मिरजेहून सन २०१६ च्या एप्रिलांत आगगाडीनें लातूरला पिण्याचें पाणी न्यावें लागलें. त्या लातूरच्या मुलखांत उसाचे कारखानेहि होते. ह्यापुढें जेथें प्यावयास पाणी पुरत नाहीं अशा खोऱ्यांत उसाच्या आसवन्या वाढविणें म्हणजे थोरल्या विहिरीवाल्याचा फायदा व धाकट्या विहिरीवाल्याचें स्थलांतर, असाच अर्थ होईल. त्या धाकट्याच्या हातीं शेवटीं कोयता येतो, आणि दुसऱ्याचा ऊस तोडण्यास तो बैलगाडी जुंपून निघतो.

तर मग कोरडवाहू जमिनीस इंधनाच्या शेतींत जागाच नाहीं काय? आहे, असें आम्हांस वाटतें. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें गोड ज्वारीवर पुष्कळ वर्षें काम केलें असून 'मधुरा' नांवाचें तिचें वाण प्रसिद्ध आहे. हें पीक चार महिन्यांच्या आंत येतें, उसाच्या मानानें त्यास पाणी फारच थोडें लागतें, कणसाचें धान्य घरांत राहतें, ताटाच्या रसाचें इथेनॉल होतें आणि चिपाड गुरांपुढें टाकतां येतें. सन २०१८ च्या धोरणांत गोड ज्वारीचें नांवहि आहे. अडचणी आहेत, रस लौकर आंबतो, ताटें तोडल्यावर ताबडतोब गाळावीं लागतात, आणि हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो. परंतु जितका पैसा व जितकी सवलत उसास व तांदळास मिळाली, तिचा दशांशहि ह्या पिकास मिळाला असता, तर ह्या अडचणींतून वाट निघाली नसती असें कोणी म्हणावें? अन्न आणि इंधन ह्यांचें भांडण ज्या पिकांत नाहीं, तें पीक आपल्या मातीचें आहे आणि तेंच मागें पडलें आहे.

लहान शेतकऱ्याचा वांटा कायद्यानें राखतां येतो, ह्याचें उदाहरण परदेशांत सांपडतें. ब्राझील देशानें सन २००४ मध्यें डिझेलमध्यें वनस्पतितेल मिसळण्याची योजना आंखली तेव्हां, जो उत्पादक ठराविक प्रमाणांत लहान कुटुंब-शेतकऱ्यांकडून माल घेईल, आधीं करार करील व त्यांस शेतीचें मार्गदर्शन देईल, त्यासच करांत सूट व सरकारी लिलावांत अग्रहक्क द्यावयाचा असें ठरविलें. अनुभव असा कीं, दक्षिणेकडील सहकारी संस्थांच्या सोयाबीनवाल्यांस त्याचा चांगला लाभ झाला, परंतु ईशान्येकडील कोरड्या मुलखांतील एरंडीवाल्यांस तो फारसा मिळाला नाहीं. म्हणजे नुसता कायदा पुरत नाहीं, शेतकऱ्यांची संघटित संस्थाहि लागते. परंतु कायदाच नसेल तर संस्थेनें धरावें तरी काय?

सबब आमच्या मागण्या थोडक्यांत अशा. उसाच्या दराच्या वांटणींत इथेनॉलचें निव्वळ उत्पन्न धरावें, आणि किमान दर पाया म्हणून कायम ठेवावा. मळींत व रसांत गेलेल्या साखरेचा उतारा किती मिळविला, तें प्रत्येक पावतीवर छापावें व दाखला वजनकांट्याजवळ लावावा. कोणत्या मालापासून किती इथेनॉल घेणार, सरकारी तांदूळ किती व कोणत्या भावानें देणार, हें खरिपाच्या पेरणीपूर्वीं जाहीर करावें, आणि हंगामाच्या मध्यें हुकूम बदलल्यास नुकसान सोसण्याची जबाबदारी हुकूम काढणारानें घ्यावी. ज्या आसवनीस मक्याच्या इथेनॉलचा ठरलेला भाव मिळतो, तिनें मका हमीभावाच्या खालीं घेऊं नये, अशी अट असावी. आणि तुटीच्या खोऱ्यांत उसावर चालणाऱ्या नव्या आसवन्यांस परवानगी देऊं नये.

परंतु मागण्या छापल्यानें मिळत नाहींत, हें आम्हांस ठाऊक आहे. आपल्या राज्यांतील पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या कांठीं उभा राहिला, तो शेतकऱ्यांनीं आपल्या भागाचे पैसे घालून. तेव्हांचे लोक फारसे शिकलेले नव्हते, पण पैसे कोठें गेले हें विचारण्याची त्यांस लाज वाटत नव्हती. आज आपण शिकलों, आणि सभेस जाऊन जेवण करून परत येतों. येत्या वार्षिक सभेंत प्रत्येक गांवच्या दोन-दोन सभासदांनीं तीन प्रश्न लेखी द्यावेत: आपल्या उसाचें किती लिटर इथेनॉल झालें, मळी आसवनीस कोणत्या भावानें दिली, आणि उताऱ्यांत किती मिळविलें. सभेच्या आधीं पुरेसे दिवस दिलेल्या लेखी प्रश्नाची टांळाटाळ करणें, तोंडी प्रश्नाइतकें सोपें नसतें. मका व सोयाबीनवाल्यांनीं एकेकट्यानें बाजारांत न जातां आपल्या उत्पादक संस्थेमार्फत आसवनीशीं पेरणीपूर्वीं करार करून पाहावा. एका ट्रकाचा माल घेऊन जाणारास जो भाव मिळतो, तो दोन पोत्यांवाल्यास कधीं मिळत नाहीं.

शेतकरी ऊर्जा देतो, ही गोष्ट खरी आहे व भूषणाची आहे. त्या ऊर्जेवर शहरांतील गाडी चालते, कारखान्याचें चक्र फिरतें आणि सरकारचें परकीय चलन वांचतें. मग त्याच ऊर्जेंतील थोडी ऊब त्याच्या स्वतःच्या चुलीपर्यंत पोंचावी, ही अपेक्षा मोठी नव्हे. ज्याच्या शेतांतून इंधन निघतें, त्याच्या घरीं त्या इंधनाचा हिशेबहि आला पाहिजे. तो कोणी आणून देणार नाहीं. आपणच जाऊन मागितला पाहिजे. आमचे वाचक तो मागतील अशी आशा बाळगून हा लेख येथें पुरा करितों.